गाठ निघाली, तरी त्रास का उरतो?

कर्करोग हा शब्द कानी पडला की घरातील माणसे दोन गोष्टी विचारतात. ऑपरेशन होईल का, आणि माणूस वाचेल का? गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या कर्करोगात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतेक वेळा चांगली येतात. त्यातील नेहमी आढळणारे प्रकार सावकाश वाढणारे असतात आणि वेळेवर उपचार झालेले बहुसंख्य रुग्ण पुढे कित्येक वर्षे जगतात. म्हणून धीर देताना 'हा त्यातल्या त्यात चांगला कॅन्सर' असे डॉक्टरही म्हणून जातात आणि नातेवाईकही. त्या चांगल्या कॅन्सरनंतरच्या दिवसांविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिपटीने अधिक होतो. भगिनी ऑपरेशन करून घरी येते, महिना-दीड महिन्यात गळ्यावरची जखम भरून येते आणि घरच्यांच्या लेखी प्रकरण संपते. पुढे कांद्याचे वाफे खुरपताना अर्ध्या सरीतच तिचा दम जातो. इतरांना गोड वाटणाऱ्या थंडीत ती घोंगडीतून बाहेर येत नाही. मुलाला हाक मारताना त्याचे नावच आठवत नाही. विहारात वंदनेला सूर लावू गेली तर आवाज मध्येच फुटतो. ती दवाखान्यात जाते, रक्त तपासते आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. मग सासू म्हणते, जाऊबाई म्हणते, कधी नवराही म्हणतो, 'रिपोर्टमध्ये काही नाही, मग हिला झालंय तरी काय?' कामचुकार हा शिक्का अशाच वेळी बसतो. आमच्या मते ऑपरेशनच्या वेदनेपेक्षा हा शिक्का जास्त दुखतो, आणि तो बहुतांशी अज्ञानातून बसतो. आम्ही डॉक्टर नाही. परंतु जी माहिती समाजबांधवांना व आपल्या विद्यार्थ्यांना समजावी असे वाटते, ती सोप्या शब्दांत मांडत आहोत.

विद्यार्थ्यांनी ही ग्रंथी जीवशास्त्राच्या पुस्तकात 'अवटू ग्रंथी' या नावाने वाचली असेल. ती श्वासनलिकेच्या पुढे, फुलपाखरासारखे पंख पसरून बसलेली असते. अन्नातील आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन तयार करते आणि रक्तात सोडते. शरीराची भट्टी किती जोरात पेटवायची हे थायरॉक्सिन ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, कातडीचा ओलावा, केस, मासिक पाळी, झोप, मनाची तरतरी या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. आता ही ग्रंथीच काढून टाकली तर काय होईल, याचा विचार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा.

जगाला हे कळले त्याची हकीकत मोठी बोधक आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात थिओडोर कोखर नावाचे नामवंत शल्यविशारद होते. गलगंडाची गाठ काढताना पूर्वी पुष्कळ रुग्ण दगावत. कोखर यांनी इतक्या सफाईने ऑपरेशने केली की रुग्ण वाचू लागले. १८७४ साली त्यांनी एका लहान मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली. ऑपरेशन उत्तम झाले. पुढे काही वर्षांनी त्यांच्या कानावर आले की मुलगी बदलली आहे, मंद झाली आहे. तिच्यासारखीच दिसणारी धाकटी बहीण वाढून मोठी झाली आणि ही मात्र खुंटली, सुजली, सुस्त झाली. कोखर यांनी मग आपल्या जुन्या रुग्णांना पत्रे धाडून परत बोलावले, आणि संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी बहुतेकांची हीच अवस्था त्यांना दिसली. १८८३ साली त्यांनी हे सर्व शल्यविशारदांच्या सभेत उघडपणे सांगितले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. टाके काढले म्हणजे काम संपले असे न मानता त्यांनी रुग्णांना परत बोलावून पाहिले, हा त्यांचा मोठेपणा आम्हांला पारितोषिकाहून अधिक वाटतो.

उपाय १८९१ साली इंग्लंडमध्ये सापडला. जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क काढून तो अशाच सुस्तावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. बाई हिंडूफिरू लागली आणि पुढे २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ साली हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी छोटीशी गोळी ती हीच. रोज गोळी घ्यावी लागते म्हणून पुष्कळ भगिनी संकोचतात, पाहुण्यांपासून डबी लपवितात. परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता व त्यासाठी त्यांना इन्सुलिन घ्यावे लागे. शरीरात जे तयार होत नाही ते बाहेरून द्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

परंतु ही गोळी मोठी मानी आहे. ती रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यावयाचा नसतो. आपल्याकडे पहाटे उठल्या उठल्या चूल किंवा गॅस पेटतो तो चहासाठी. त्यामुळे गोळी आणि दुधाचा चहा एकाच घोटात पोटात जातात. असे केले तर गोळीचा बराचसा भाग अंगी लागत नाही. दुसरी चूक याहून जास्त घडते. लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी ही थायरॉक्सिनला पोटातच बांधून ठेवतात. म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. 'सगळ्या गोळ्या एकदमच घेऊन टाकल्या' असे सांगणाऱ्या बाईचा डोस वाढवत गेले तरी रिपोर्ट सुधारत नाही तो यामुळे. ज्यांना पहाटे जमत नाही त्यांनी रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. मात्र डॉक्टरांना सांगून, आणि रोज त्याच वेळी. डबी पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत खिडकीजवळ ठेवू नये. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांनीही गोळी चुकवू नये. विकाल भोजनाचा नियम अन्नासाठी आहे, औषध त्यात मोडत नाही.

थायरॉक्सिनचा रक्तातील साठा निम्मा होण्यास सुमारे सात दिवस लागतात. म्हणून एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरण्याचे कारण नाही. पण याच गुणामुळे फसवणूकही होते. बाई बरे वाटते म्हणून गोळी बंद करते, आठ-दहा दिवस काहीच होत नाही आणि तिला वाटते, गोळीची गरजच नव्हती! महिन्याभराने अंग जड होते तेव्हा त्याचा संबंध बंद केलेल्या गोळीशी आहे हे तिच्या लक्षातही येत नाही. डोस बदलल्यावर रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात त्याचेही कारण हेच. पंधराव्या दिवशी तपासून पैसे वाया घालवू नयेत.

आता मुख्य प्रश्न. गोळी व्यवस्थित चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी त्रास का?

रिपोर्टमध्ये टीएसएच म्हणून जो आकडा असतो तो थायरॉईडचा नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा असतो. थायरॉक्सिन कमी पडले की पीयूषिका ओरडते आणि टीएसएच वाढतो. जास्त झाले की ती गप्प बसते आणि टीएसएच उतरतो. म्हणजे हा आकडा पीयूषिकेचे समाधान सांगतो. स्नायू, आतडी, मन यांचे समाधान त्यावरून बरेचसे कळते, सगळे कळत नाही. शिवाय मूळ ग्रंथी दोन द्रव्ये देत असे: थायरॉक्सिन, म्हणजे टी-चार, आणि त्याहून जहाल असे टी-तीन. गोळीत असते ते फक्त टी-चार. शरीर स्वतः त्यातून टी-तीन बनविते, हे १९७० साली ग्रंथी नसलेल्या रुग्णांतच सिद्ध झाले. बहुतेकांचे यावर छान चालते. परंतु आकडा नॉर्मल असूनही शंभरात पाच ते पंधरा जणांना थकवा, विसराळूपणा, उदासी राहते असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसून आले आहे. तेव्हा असा त्रास सांगणारी आपली भगिनी एकटी नाही आणि ती खोटेही बोलत नाही. टी-तीनची गोळी जोडून पाहण्याचे प्रयोग झाले. १९९९ सालच्या एका प्रयोगाने मोठी आशा दाखविली, पण नंतरच्या बहुतेक प्रयोगांत तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. काही निवडक रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर ती देऊन पाहतात. कोणाच्या सांगण्यावरून दुकानातून आणून खाण्याची ती वस्तू नव्हे. हृदयावर बेतू शकते.

कर्करोगाच्या रुग्णात आणखी एक गुंता असतो. उरलेल्या पेशींना चेतना मिळू नये म्हणून काहींना मुद्दाम थोडा जास्त डोस देऊन टीएसएच खाली दाबून ठेवतात. अशांना थकव्याच्या जोडीला छातीत धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे, चिडचिड हेही होते. वर्षानुवर्षे असे चालल्यास उतारवयात हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पूर्वी सरसकट असे दाबून ठेवीत. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनानुसार ज्यांचा आजार कमी धोक्याचा आहे त्यांना इतके दाबण्याची जरुरी नसते. म्हणून प्रत्येक रुग्णाने डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: 'माझा टीएसएच किती ठेवायचा आहे, आणि किती वर्षे?' हा आकडा फाईलवर लिहून घ्यावा, म्हणजे गावातील दुसरा डॉक्टर 'हा तर फार कमी आहे' म्हणून परस्पर गोळी कमी करणार नाही.

थकव्याचे खापर प्रत्येक वेळी थायरॉईडवर फोडणेही बरोबर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. जिला थायरॉईड नाही आणि रक्तही नाही, तिची गोळी कितीही नेमकी असली तरी सरीच्या टोकापर्यंत ती पोहोचणार कशी? हिमोग्लोबिन, साखर, बी-बारा ही तपासणी एकदा करून घ्यावी. कर्करोगाच्या नावाने मनावर जी दहशत बसते तिनेही झोप जाते; त्याविषयी डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा नाही.

कॅल्शियमविषयी मात्र सर्वांनी नीट लक्ष देऊन वाचावे, कारण येथे उशीर महागात पडतो. थायरॉईडच्या पाठीमागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार परावटू ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसतो, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो किंवा गाठीबरोबर एखादी निघूनही येते. पुष्कळांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, थोड्यांचा कायम राहतो. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे ही पहिली खूण. मग पोटऱ्यांत गोळे येतात. कॅल्शियम फारच उतरले तर हाताची बोटे आपोआप चोचीसारखी जुळून आखडतात, तोंड वेडेवाकडे होते, झटकाही येऊ शकतो. अशा वेळी कोणी म्हणते अंगात आले, कोणी म्हणते बाहेरचे आहे, आणि लिंबू उतरविण्यात तास-दोन तास जातात. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे होऊ नये. हात आखडले की थेट दवाखाना गाठावा आणि 'थायरॉईडचे ऑपरेशन झाले आहे, कॅल्शियम तपासा' असे पहिल्याच वाक्यात सांगावे. शिरेतून कॅल्शियम दिले की थोड्याच वेळात हात सैल होतात. कॅल्शियमच्या गोळ्या आणि सोबतचे ड जीवनसत्त्व ही औषधे 'ताकदीच्या गोळ्या' समजून बंद करू नयेत.

आवाजाच्या नसा ग्रंथीला अगदी खेटून जातात. मुख्य नस दुखावली तर आवाज घोगरा, श्वासाळ होतो, पाणी पिताना ठसका लागतो. त्याहून बारीक अशी वरची नस दुखावली तर बोलणे ठीक राहते पण उंच स्वर लागत नाही, आवाज लवकर थकतो. भीमगीते गाणाऱ्याला, शिक्षिकेला, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ही लहान गोष्ट नव्हे. अनेकांचा आवाज काही महिन्यांत सुधारतो. न सुधारल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू दुर्बिणीने पाहून घ्यावेत. आवाजाचे व्यायाम शिकविणारे तज्ज्ञही असतात. तोवर वंदनेला खालच्या पट्टीत सूर धरण्यास काय हरकत आहे? गळ्यावरचा व्रण बहुधा वर्षभरात फिका पडतो. १९८६ च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर तिकडील मुलांच्या गळ्यावरील अशा व्रणाला लोक 'चेर्नोबिलचा हार' म्हणू लागले होते.

ऑपरेशननंतर काहींना किरणोत्सारी आयोडीन देतात. थायरॉईडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात, या एकाच गुणाचा त्यात उपयोग केलेला आहे: उरलेली पेशी आयोडीन म्हणून ते गिळते आणि त्याच्या किरणांनी मरते. आपल्या महाराष्ट्रात या कामाचे मोठे ठिकाण म्हणजे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची ही शाखा १९६३ साली टाटा रुग्णालयाच्या आवारात सुरू झाली. अणुशक्ती म्हटली की आपल्या मुलांना बॉम्बच आठवतो. त्यांनी ही बाजूही ध्यानात ठेवावी. या औषधाआधी बहुधा काही आठवडे थायरॉक्सिन बंद ठेवतात. त्या दिवसांतली सुस्ती अपेक्षितच असते, तेव्हा तिच्याकडून घरकामाची अपेक्षा ठेवू नये. नंतर काहींच्या गालातील लाळेच्या ग्रंथी सुजतात, तोंड कोरडे पडते, चव जाते, भाकरी घशाखाली उतरत नाही आणि दात लवकर किडतात. घोट घोट पाणी, कालवणात कुस्करलेली भाकरी आणि दातांची निगा यांनी निभावते.

खाण्याच्या पथ्याबद्दल आपल्या भागात भारी गोंधळ आहे. कोबी, फ्लॉवर, बाजरी थायरॉईडला वाईट, असे ऐकून नगर जिल्ह्यातील बाई बाजरीची भाकरीच सोडते! हे पदार्थ फार प्रमाणात खाल्ले व आयोडीन कमी असले तर ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात हे खरे. पण जिची संपूर्ण ग्रंथीच काढली आहे तिच्यात अडथळा कशाला येणार? तिने बाजरी खुशाल खावी. आयोडीनयुक्त मीठही तिला वर्ज्य नाही. फक्त किरणोत्सारी आयोडीन घेण्याआधी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, साधारण दोन आठवडे, आयोडीन टाळावयाचे असते. सोयाबीन मात्र गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावे.

लग्नाच्या मुलींबद्दल स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. थायरॉईड काढलेल्या स्त्रीला मूल होऊ शकते. किरणोत्सारी आयोडीननंतर सहा महिने ते वर्षभर गर्भधारणा टाळावी आणि दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे, कारण तेव्हा थायरॉक्सिनचा डोस वाढवावा लागतो. 'पोटात बाळ आहे, औषध नको' म्हणून गोळी बंद करणे बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडून होता. तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन-पुसून मंचकावर निजविले. कथा पुष्कळांना ठाऊक आहे. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. तेथे शुश्रूषा करण्यास सोपा रुग्ण कोणता हेही सांगितले आहे, आणि त्याचा एक गुण असा की तो आपला आजार आहे तसा सांगतो: वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असला तर तसाच. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही सूचना आजच्या ओपीडीत तंतोतंत लागू पडते. 'अंगात बरं वाटत नाही' एवढ्यावर डॉक्टरला काही करता येत नाही. शाळकरी मुलाची जुनी वही घ्यावी आणि तारीख घालून लिहावे: गोळी किती वाजता घेतली, चहा किती वाजता, मुंग्या आल्या का, धडधड झाली का, किती वेळ काम झाले, झोप किती. लिहिता येत नसेल त्या आईसाठी नातवंडांनी लिहावे. महिन्याभराच्या अशा वहीने जे कळते ते नुसत्या टीएसएचने कळत नाही. त्याच कथेत शुश्रूषा करणाऱ्याचेही गुण आहेत. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी असे तेथे आहे, आणि त्यात रुग्णाचे ऐकून घेणे येतेच, असे आम्ही समजतो.

पुणतांब्याच्या रुग्णाला नेहमीच्या तपासणीसाठी दूर जावे लागतेच असे नाही. आपल्याच राहाता तालुक्यात लोणीला प्रवरेचे मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली व २०१७ साली या नावाने चालू लागली, तिच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कोणते उपचार योजनेत बसतात हे त्याला आधी विचारावे. मुंबईस जाणे पडल्यास दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व सोबतच्या माणसांना आसरा देते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, गाडगेबाबांनी देह ठेवला. आजही चैत्यभूमीला जाणारा आणि टाटाला जाणारा असे दोघे दादरलाच उतरतात. त्यावरून एक सूचना. किरणोत्सारी आयोडीन घेतल्यावर काही दिवस लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि गर्दी यांपासून दूर राहावे लागते. तेव्हा ६ डिसेंबरच्या सुमारास या उपचाराची तारीख मिळत असेल तर तेथील डॉक्टरांना अडचण सांगून ती पुढची मागावी. त्या आठवड्यात परतीच्या गाडीच्या डब्यात पाय ठेवावयास जागा नसते.